जुन्या मोटारीची पुढची कांच

वडिलांच्या वेळची पद्मिनी अगर जीप अद्याप वापरांत ठेवणारे शेतकरी आपल्या मोहोळ भागांत आहेत. पुणें-सोलापूर महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडतो आणि अशा गाडीच्या कांचेस तडा जातो. मग “दिसतें आहे तोंवर चालूं द्यावें” असा विचार होतो. तो कां सोडावा, आणि कांच बदलतांना पैसा कोठें खर्चावा व कोठें वांचवावा, हें आम्ही येथें सांगणार आहोंत.

तड्याचा धोका रात्रीं कळतो. समोरच्या दिव्यांचा झोत तड्यावर फांकतो आणि उसाची ट्रॉली, बैलगाडी अगर पायीं चालणारा वारकरी क्षणभर दिसेनासा होतो. शिवाय तडा एके जागीं थांबत नाहीं. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो. तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतलें कीं बोटभर तडा हातभर होतो.

कांच दोन जातींची असते. टेम्पर्ड कांच फुटली म्हणजे क्षणांत तिचे खडीसाखरेसारखे तुकडे होतात व समोरचें कांहींच दिसत नाहीं. लॅमिनेटेड कांचेंत दोन तावांमध्यें प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. ती फुटली तरी तुकडे त्यास चिकटून राहतात. पुढें हीच बसवावी. कोपऱ्यांतील छाप वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या कांचेंतून शेंकडा ७० तरी उजेड पार गेला पाहिजे. म्हणून गडद कांच घेऊं नये.

जीपची कांच सपाट असल्यामुळें मापानें कापून मिळते. पद्मिनीची वक्र असते. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत ही गाडी होत असे. २००० च्या सुमारास ती निघणें बंद झालें. तिचें सामान आतां जुने सुटे भाग विकणाऱ्यांकडे शोधावें लागतें. म्हणून नवी कांच व नवें रबर हातीं आल्यावांचून जुन्यास हात लावूं नये.

नव्या मोटारींत कांच चौकटीस डिंकासारख्या मसाल्यानें चिकटविलेली असते. जुन्या गाडींत ती रबराच्या गोटींत बसते, आणि रबराच्या खांचेंत चकाकती पट्टी असते. म्हणून हें काम दोघां-तिघांस घरींहि करतां येतें. हातमोजे व चष्मा मात्र हवा. प्रथम वायपर काढावे. मग पट्टी जोडापासून लाकडी पाचरीनें हळूहळू उचलावी. पातळ पट्टी एकदां मुरडली कीं सरळ होत नाहीं, आणि तशी दुसरी मिळणें कठीण. रबर उलट सुरीनें खुशाल कापावें. उन्हानें कडक झालेलें रबर पुन्हां वापरणें म्हणजे पावसास आंत बोलावणें होय.

आतां मुख्य गोष्ट. रबराखालीं, विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांत, पाणी सांचून पत्रा गंजतो. गंज फुगून कांचेच्या कडेस रेटतो, आणि नवी कांच खडा न लागतांहि तडकते. लोक दोष कांचेस देतात. गंज चकचकीत पत्रा लागेपर्यंत घांसावा, भोंक असल्यास पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून लावावा, रेड ऑक्साइड व रंग देऊन पुरें वाळूं द्यावें. नुसती पुट्टी भरणें व्यर्थ. गाडी दोन दिवस उभी राहिली तरी चालेल. पैसा व वेळ खर्चावयाचा तो येथेंच.

नंतर रबर कांचेभोंवतीं बसवावें. बहुतेक गाड्यांत पट्टीहि ह्याच वेळीं रबरांत घालावी. मागाहून ती नीट बसत नाहीं. चौकटीवर बसणाऱ्या खांचेंत मजबूत दोरी सभोंवार घालून तिचीं टोकें खालीं मध्यभागीं एकमेकांवरून न्यावीं व गाडीच्या आंत सोडावीं. रबरास साबणाचें पाणी लावावें. तेल लावूं नये, त्यानें रबर फुगतें. बाहेरच्यानें तळव्यानें कांच दाबून धरावी व आंतल्यानें दोरी सावकाश ओढावी, म्हणजे रबराची कड चौकटीवर आपोआप चढते. अडलें तर पुन्हां साबण लावावा. हातोडी उचलूं नये.

शेवटीं कांचेवर पाणी सोडून आंत हात फिरवून पहावें. कोरडें असेल तर काम साधलें. ओल आली तर ती त्याच दिवशीं शोधावी, कारण पुढच्या तड्याचें बीं त्याच ओलींत असतें.