बिनतारी पहारेकरी आणि नागपूरचा मे महिना

मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी जाणारे काही नागपूरकर हल्ली बिनतारी धोक्याची घंटा बसवतात. भिंती फोडून तारा टाकाव्या लागत नाहीत, ही मोठीच सोय. पण तिचा संवेदक पाहतो काय? माणसाच्या अंगातून निघणारे, सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण. तेही भोवतालाहून वेगळे असले तरच. आपली त्वचा साधारण ३४ अंशांची. बंद खोलीच्या भिंतीही तापून तेवढ्याच झाल्या, की चोर आणि भिंत त्याला जवळपास सारखेच! (जानेवारीत मात्र मांजर फिरले तरी तो बोंब ठोकेल.) म्हणून आम्ही दाराच्या चौकटीवर चुंबकाची कळही बसवायला सांगतो, तिला उकाड्याशी देणेघेणे नाही. तिचा रेडिओसंदेश जाड भिंतींतून घंटेपर्यंत पोचतो का, हे दार उघडून पाहावे. निघण्यापूर्वी बॅटऱ्याही बदलाव्यात.