वाटाण्याचे रोप आणि शाळेचा लघुपट



लघुपट म्हणजे थोडक्या वेळात एक गोष्ट पुरी सांगणारा चित्रपट. पाच मिनिटांचा असेल, दहाचा असेल. पूर्वी हे काम स्टुडिओवाल्यांचे. कॅमेरा, फिल्म, ती धुण्याची रसायने, यांचा खर्च शाळेच्या आवाक्यातला नव्हता. आता खेड्यातल्या घरातही चित्र आणि आवाज टिपणारा मोबाइल असतो. म्हणून शाळाशाळांतून मुले म्हणू लागली आहेत, "गुरुजी, आपण पिक्चर काढू या ना!" गुरुजी हौसेने हो म्हणतात आणि मग अडतात. काढायचा कशावर? आणि हात कुठून घालायचा?

हेच दोन प्रश्न दादासाहेब फाळक्यांनाही पडले होते. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा माणूस चित्रकला शिकलेला, फोटोग्राफी जाणणारा, छापखान्याच्या धंद्यात मुरलेला. मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला आणि पडद्यावर येशूच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. कल्पना सुचते ती अशी. परक्याची गोष्ट पाहताना आपल्या घरातली आठवते. पण नुसते सुचून भागत नाही. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तिथे ही कला पाहून आले आणि कॅमेरा मागवला. आता मोठा चित्रपट काढायचा तर भांडवल हवे. सावकार म्हणणार, आधी काही करून दाखवा.

तेव्हा फाळक्यांनी काय करावे? कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोज थोडे थोडे चित्र घेत महिनाभर थांबले. पुढे ती पट्टी पडद्यावर सोडली, तेव्हा मिनिटा-दीड मिनिटात मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, बघता बघता रोप उभे राहिले. महिन्याचे काम डोळ्यांदेखत! पैसे देणाऱ्यांची खात्री पटली. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या खटाटोपात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत राबल्या, हे विसरू नये. घरातल्या माणसांनी कामे वाटून घेतली म्हणून तो चित्रपट झाला.

मला स्वतःला विचाराल, तर 'हरिश्चंद्रा'पेक्षा ते वाटाण्याचे रोपच शाळेच्या जास्त उपयोगाचे आहे. नट नाहीत, पोशाख नाहीत, संवाद नाहीत, तरी पाहणाऱ्याला वाटते, पुढे काय होणार?

ही युक्ती कशी चालते, ते सोपे आहे. चित्रपट म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रे. मूकपटाच्या काळात सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे सरकत, बोलपटात चोवीस सरकू लागली. चित्रे सावकाश घ्यायची आणि भरभर दाखवायची, की वाढ दिसते. शाळेने पहिला लघुपट हाच करावा. दिवसाला तीन फोटो, चाळीस दिवस, म्हणजे एकशे वीस फोटो. सेकंदाला बारा या वेगाने दाखवले, तर दहा सेकंदांचे चित्र झाले. मोबाइल ठेवायला विटांची बैठक करा आणि तिच्याभोवती खडूची रेघ ओढा, म्हणजे जागा हलणार नाही. वेळा ठरलेल्या असाव्यात, नाहीतर एक चित्र उजळ, एक काळवंडलेले, असा लपलप दिवा लागल्यासारखा प्रकार होतो. रोप खिडकीकडे कलते, त्याला कलू द्यावे, कुंडी फिरवू नये. वाटाणा थंडीतला; पावसाळ्यात करायचे तर चवळी घ्या. आणि रविवारी शाळेत कोण येणार, हे आधी ठरवा. माझ्या पाहण्यातली दोन रोपे रविवारीच वाळली.

आता गोष्टीच्या लघुपटाकडे येतो. हे मी वाघोलीच्या एका शाळेत शिकलो. शिकवायला म्हणून गेलो होतो, ती गोष्ट वेगळी.

वाघोली म्हणजे पुण्याहून नगर रस्त्याने जाताना लागणारे गाव. वाघेश्वराचे देऊळ आणि त्याच्या शेजारचे तळे ही जुन्या माणसांची खूण. भोवती दगडाच्या खाणी. पुण्याच्या कितीतरी घरांची खडी या भागातून गेली. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत आले. आज तिथे एका अंगाला बारा-पंधरा मजली इमारती, दुसऱ्या अंगाला खाणमजुरांच्या झोपड्या, आणि दोन्हीकडची मुले एका बाकावर.

नववीच्या वर्गाने विषय आणले ते असे: तळ्यातले भूत, मोटारींची पळापळ, आणि 'पर्यावरण वाचवा'. भूत आणि मोटारी पाहिलेल्या चित्रपटांतून आल्या, तिसरा विषय निबंधाच्या वहीतून. 'पर्यावरण वाचवा' हा विषय चांगला, पण त्यात माणूस कुठे आहे? कॅमेरा कोणाकडे वळवायचा? कॅमेऱ्याला पर्यावरण दिसत नाही. तळ्यावर धुणे घेऊन आलेली आणि पाणी पाहून परत फिरलेली बाई दिसते.

मी म्हटले, आठ दिवस कोणी काही सुचवायचे नाही. घर ते शाळा या वाटेवर रोज एक गोष्ट पाहायची किंवा ऐकायची आणि रात्री चार ओळींत लिहायची. छान, वाईट, दुःखद असले शब्द नकोत. काय घडले तेवढेच. पहिले तीन दिवस 'रहदारी होती', 'कुत्रे भुंकले' असलेच आले. चौथ्या दिवसापासून मुलांचे डोळे उघडले. एका मुलीने लिहिले: आजीने पाटा धुऊन बाल्कनीत ठेवला आहे. तो गुळगुळीत झाला आहे. टाकीवाली आली तरी वॉचमन तिला आत सोडत नाही. तिची हाक सहाव्या मजल्यावर येत नाही.

नव्या पिढीसाठी सांगतो. पाटा, वरवंटा, जाते वापरून झिजते आणि वाटण वाटले जात नाही. मग टाकीने, म्हणजे छिन्नीने, बारीक घाव घालून दगड पुन्हा खरबरीत करतात. हे काम करणाऱ्या बाया दारोदार हाक देत फिरत.

त्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या वहीत होते: आई खाणीवरून आली की हात आधी गार पाण्यात बुडवते. मग भाकरी करते. तिला टाकी लावता येते, पण आता कोणी बोलावत नाही.

दोन पाने जवळ ठेवली आणि मला गोष्ट दिसली. आनंदाच्या भरात मी दोन्ही पाने वर्गात मोठ्याने वाचली. नावानिशी वाचली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आई भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "गुरुजी, त्यानं तुमच्यासाठी लिवलं हुतं. समद्या वर्गासाठी न्हाई लिवलं." मी काय बोलणार? चूक माझी होती. मुलाची माफी मागितली आणि सांगितले, तू नको म्हणशील तर ही गोष्ट आपण सोडून देऊ. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गोष्ट करा. पण आई त्यात नको. आणि मला आवाजाचं काम द्या." आईनेही मान हलवली.

शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे, की वहीतले पान मुलाचे असते. ते वाचावे की नाही, हे त्याने सांगायचे. आणि ज्याच्या घरातली, धंद्यातली गोष्ट घेणार, त्याला आधी जाऊन विचारावे. नाही म्हटले, तर नाही.

मग आम्ही आखणीला बसलो. पहिले काम, गोष्ट एका वाक्यात लिहिणे. मुलांनी लिहिले: 'सहाव्या मजल्यावरच्या आजीला पाट्याला टाकी लावून हवी आहे, पण टाकीवालीला फाटकातून आत सोडत नाहीत.' कोणाला काय हवे आणि आडवे काय येते, एवढे त्यात आले. हे वाक्य जमत नसेल, तर कॅमेरा हातात घेऊ नये.

दुसरे काम, चित्रे. वहीच्या पानाचे चार भाग करायचे आणि प्रत्येक चौकटीत कॅमेऱ्याला काय दिसेल ते काढायचे. काड्यांची माणसे चालतात. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'च्या आधी अशाच चित्रांची वही केली होती. आमच्या पाच मिनिटांना बत्तीस चौकटी झाल्या. आजी, नात, फाटक, वॉचमन, टाकीवालीची पिशवी, जिना. भांडणाची चौकट मुलांनी स्वतःच खोडली. वॉचमनही नोकरीच करतो आहे, असे एका मुलीचे म्हणणे पडले, आणि ते खरे होते. तिचे वडील दुसऱ्या एका इमारतीवर वॉचमन आहेत.

तिसरे काम कंटाळवाणे, पण सगळी मदार त्यावर. बत्तीस चौकटी गोष्टीच्या क्रमाने घ्यायच्या नाहीत, जागेच्या क्रमाने घ्यायच्या. फाटकाच्या सगळ्या एका सकाळी, बाल्कनीच्या दुसऱ्या. कागदावर रकाने आखा: चौकट, जागा, वेळ, कोण, काय सामान, काय कपडे. आमची नात दुसऱ्या दिवशी लाल रिबिनीऐवजी पांढरी बांधून आली आणि चार चौकटी फुकट गेल्या. मोठ्यांचेही होते असे. राय यांनी १९५२ साली काशाच्या फुललेल्या रानात पहिल्या दिवशी काम केले. आठवड्याने उरलेले घ्यायला गेले, तर गुरांनी काशफुले खाऊन टाकलेली! त्या दृश्यासाठी पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावे लागले. शेतात चित्र घेणार असाल तर कापणी कधी, हे मालकाला विचारून ठेवा.

ऊन सकाळी नऊच्या आतले किंवा चारनंतरचे घ्यावे. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात. मोबाइल आडवा धरावा. हात थरथरतो, म्हणून कोपर भिंतीला टेकवावे.

आवाजाबद्दल मात्र थोडे जास्त बोलतो. रेडिओचा श्रोता म्हणाल, तर मीही आहे. पुण्यात प्रभात कंपनीच्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तिथे शिकताना उमेश कुलकर्णी यांनी 'गिरणी' नावाचा लघुपट केला. आई संसाराला हातभार म्हणून घरात पिठाची गिरणी घेते आणि तिचा आवाज लहान मुलाच्या सगळ्या आयुष्यात शिरतो, अशी ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या लघुपटात आवाज हेच मुख्य पात्र आहे म्हणाना. वाघोलीत आम्हांला टाकीवालीची हाक हवी होती आणि नगर रस्त्यावरचे डंपर ऐकू देत नव्हते. आवाजाचे काम घेतलेल्या त्या मुलाने तोड काढली. पहाटे साडेपाचला देवळामागे जाऊन हाक वेगळी टिपली. शिवाय प्रत्येक जागेची अर्ध्या मिनिटाची नुसती शांतता टिपून ठेवली. जोडणीत दोन तुकड्यांमधली फट बुजवायला ती लागते. बोलणाऱ्याच्या जवळ, पदराआड दुसरा मोबाइल ठेवावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी. चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली, की ओठ आणि शब्द जुळतात. डंपरही आम्ही टाकले नाहीत. हाक त्यांच्याखाली बुडते, ती तशीच ठेवली.

खर्च म्हणाल, तर तीन रविवारचे वडापाव. इमारतीच्या सेक्रेटरींनी सात ते नऊ एवढीच परवानगी दिली होती, त्यामुळे शिस्त आपोआप आली.

टाकीवालीचे काम शाळेतल्या एका बाईंनी केले. जोडून झाल्यावर सगळे मिळून नऊ मिनिटे भरले. कापताना मुलांचा जीव वरखाली होत होता. ज्याने चौकट घेतली त्याला ती कापवत नाही. म्हणून कात्री दुसऱ्याच्या हाती दिली आणि ते पाच मिनिटांवर आले.

मग वर्गाच्या भिंतीवर चादर लावून पालकांना दाखवले. त्या मुलाची आई आली होती. शेवटच्या बाजूला, दाराशी बसली. दिवे लागल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पुढे आली आणि बाईंना म्हणाली, "टाकी अशी धरत न्हाईत बाई. अशानं बोट जाईल." पिशवीतली टाकी काढून तिने धरून दाखवली, अंगठा कुठे, घाव कसा हलका, दगड कसा फिरवायचा. वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. मुलगा जरा लांब उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले. त्याने मान हलवली, तेव्हा ती मला म्हणाली, "हात घ्या. तोंड नको."

पुढच्या रविवारी सकाळी साडेसातला, त्या मुलीच्या आजीच्या बाल्कनीत, आजीच्याच पाट्यावर ती चौकट पुन्हा घेतली. लघुपटात ती अकरा सेकंद आहे. टाकीचा आवाज मुलाने टिपला. काम संपल्यावर आजीने ठरलेली मजुरी दिली आणि तिच्या हातावर लसणाची चटणी ठेवली, त्याच पाट्यावर वाटलेली. तेवढे मात्र आम्ही टिपले नाही.