चिखलात रुतलेला पॅटन

गॅदरिंगच्या प्रदर्शनात दरवर्षी एक तरी रणगाडा असतोच. हिरवागार, चकाचक, आणि खाली थर्माकोलवर चिकटवलेला हिरवा भुसा. लोक येतात, "मस्तंय!" म्हणतात आणि शेजारच्या रोबोकडे वळतात. रणगाडा छान झालेला असतो, पण तो कुठे उभा आहे, कुठून आला, पुढे जाऊ शकतो का, काहीच कळत नाही. हा लेख त्या बिचाऱ्या भुशाबद्दल आहे. म्हणजे रणगाड्याखालच्या जमिनीबद्दल.

या प्रकाराला डायोरामा म्हणतात. हे नाव लुई दागेर या फ्रेंच माणसाने १८२२ मध्ये पॅरिसमध्ये आपल्या खेळाला दिलं. मोठमोठ्या पडद्यांवर चित्रं रंगवायची आणि उजेड कमी-जास्त करून लोकांना दृश्य जिवंत करून दाखवायचं. (हाच दागेर पुढे फोटोग्राफीमुळे प्रसिद्ध झाला.) आपल्याकडे याला सरळ 'देखावा' म्हणतात. आमच्या सेलूला महालक्ष्म्यांपुढे विहीर, शेत, बैलगाडी मांडतात. पुण्याकडची पोरं दिवाळीत किल्ला करून त्यावर मातीचे मावळे ठेवतात. तोही डायोरामाच! फक्त लष्करी देखाव्यात दोन अटी जास्तीच्या. सगळं एका मापात पाहिजे, आणि जे घडलं तेच पाहिजे. दिवाळीच्या किल्ल्यावर हत्तीपेक्षा वाघ मोठा असला तरी कुणी विचारत नाही. इथे विचारतात.

मी घेतलेला प्रसंग असल उत्तरचा. हे गाव पंजाबात, खेमकरणजवळ. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे खेमकरण घेऊन पुढे निघाले. पॅटन म्हणजे अमेरिकन माल, ९० मिलिमीटरची तोफ, त्या काळी सगळीकडे दबदबा. आपल्याकडे समोर दुसऱ्या महायुद्धातले शर्मन, हलके एएमएक्स-१३ आणि काही सेंच्युरियन. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरकून घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले, उभ्या उसात रणगाडे आणि तोफा लपवल्या आणि कालव्याचं पाणी शेतात सोडलं. ८ ते १० सप्टेंबर अशी तीन दिवस लढाई झाली. भारतीय मोजणीप्रमाणे पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. नंतर पकडलेले पॅटन भिखीविंडला रांगेने उभे केले, त्या जागेला लोक 'पॅटन नगर' म्हणायला लागले.

आपल्या बाजूने तिथे शर्मन घेऊन लढली ती डेक्कन हॉर्स. या पलटणीचं मूळ हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळात आहे, म्हणजे आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता तिथलंच. त्यामुळे हा प्रसंग वाटतो तेवढा लांबचा नाही.

पण खरी गंमत मला मामाने सांगितली. मामाचा ऊस पाथरीकडे, जायकवाडीच्या कालव्यावर. मी त्याला लढाईची सगळी गोष्ट रंगवून सांगितली, तर तो शांतपणे म्हणाला, "अगं, वाफसा नसताना रानात गाडी घातल्यावर दुसरं काय व्हणार?" आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द कुठून माहीत असणार! पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमीन लगेच कामाची नसते. चार दिवसांनी ती ओलसर राहते पण चिकटत नाही, पाय रुतत नाही, औत चालतं. त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. इंग्रजीत यासाठी एका शब्दाची सोय मला तरी सापडली नाही. मामाच्या या एका वाक्यात सगळी लढाई येते. म्हणून माझ्या देखाव्याचा हीरो पॅटन नाही, वाफसा न आलेलं रान आहे.

आता थोडं आपलं इंजिनिअरिंग. पॅटन साधारण ४६ टनांचा. त्याचे दोन पट्टे प्रत्येकी सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद, आणि जमिनीला टेकलेली लांबी सुमारे ४ मीटर. भागाकार करा: चौरस सेंटिमीटरला ०.८ किलोच्या आसपास दाब येतो. एवढा दाब कोरडी जमीन हसत हसत सोसते, म्हणून तर पट्टे असतात. पण पाणी भरलेल्या मातीची ताकदच जाते. पट्टे खाली जातात, पोट मातीला टेकतं आणि मग वजन पट्ट्यांवर न राहता पोटावर येतं. ड्रायव्हर रेस देतो, पट्टे जागच्या जागी फिरतात आणि स्वतःचाच खड्डा खोल करतात. मामाचा ट्रॅक्टर असाच रुतलेला मी पाहिला आहे. मागची बाजू बसते, नाक वर येतं.

हे मॉडेलमध्ये आपोआप होत नाही. १:७२ मापात लांबी ७२ पट कमी होते, पण वजन ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पट कमी व्हायला हवं. ४६ टनांचे राहतात अवघे १२३ ग्रॅम! प्लॅस्टिकचा पोकळ रणगाडा त्याहूनही हलका. तो चिखलावर माशीसारखा बसतो. त्याला हाताने रुतवावा लागतो.

जमिनीला एवढा भाव देणारी मी पहिली नाही. विल्यम सिबोर्न नावाच्या ब्रिटिश लेफ्टनंटने वॉटर्लूच्या लढाईचं प्रचंड मॉडेल केलं, ते १८३८ मध्ये लंडनला लोकांना दाखवलं गेलं. त्याने आधी आठ महिने रणांगणावरच एका शेतघरात राहून जमिनीची मोजणी केली. १८१५ च्या लढाईनंतर तिथे स्मारकाची टेकडी उभारायला एवढी माती उकरली होती, की मूळ चढउतारच बदलला होता. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून कोण कुठे होतं ते विचारलं. उत्तरं आली त्याप्रमाणे त्याने प्रशियन सैन्य बरंच मांडलं, आणि वेलिंग्टनला ते रुचलं नाही, कारण विजयात वाटेकरी वाढले. शेवटी बऱ्याच प्रशियन आकृत्या काढल्या गेल्या. टीचभर शिशाच्या बाहुल्यांवरून एवढं राजकारण! ते मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमकडे आहे.

आता कृती. १:३५ हे माप जास्त लोकप्रिय आहे. त्यामागची कथाही भारी: जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, आत बॅटरी मावेल एवढा आकार धरला, नंतर मोजलं तर ते १:३५ आलं! पण त्या मापात पॅटन तोफेसकट वीतभरापेक्षा मोठा होतो आणि हॉस्टेलच्या कपाटात मावत नाही. १:७२ मध्ये तोच तेरा सेंटिमीटरच्या आत बसतो. रेवेलचं याच मापाचं किट येतं. किट जोडण्यावर मी वेळ घालवत नाही, कागदावर सगळं दिलेलं असतं. फक्त जोडायच्या आधी सुटे भाग भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर रंग सुटतो. आणि जमलं तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून या. आमच्याकडून छत्रपती संभाजीनगरला रेल्वेने आणि पुढे एसटीने जाता येतं. तिथे खरा पॅटन उभा आहे. पुस्तकातल्या फोटोत न कळणारी गोष्ट तिथे कळते: पुढचा भाग होडीच्या तळासारखा गोल आहे, आणि माणूस शेजारी उभा राहिला की केवढासा दिसतो!

जमीन. घरची काळी माती आणून टाकायचा मोह होईल, टाकू नका. सिव्हिलवाल्यांना माहीतच आहे, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. भेगा मापात राहत नाहीत. एक मिलिमीटरची भेग म्हणजे ७ सेंटिमीटरची! शिवाय रंगही चुकतो, पंजाबची माती फिकट भुरी असते. मी दुधनेची वाळू चाळून घेतली. सॉइल लॅबमधली ४२५ मायक्रॉनची चाळणी आठवा. त्यातून जेमतेम जाणारा कण १:७२ मध्ये तीन सेंटिमीटरची खडी होतो. ७५ मायक्रॉनच्या चाळणीखालचा कणसुद्धा साडेपाच मिलिमीटरचा. म्हणून शेतासाठी ७५ च्या खालचंच घ्यायचं. लॅब असिस्टंट काकांना नीट विचारा, देतात.

पाटावर थर्माकोल, त्यावर पीओपी, फेविकॉल आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा, साधारण एक सेंटिमीटर जाड. हे मिश्रण थोडा वेळ मऊ राहतं, तेवढ्यात रणगाडा रुतवायचा. पट्ट्यांना आधी व्हॅसलीन लावा. पॅटनचं पोट जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर उंच, म्हणजे मॉडेलमध्ये साडेपाच मिलिमीटर. मागची बाजू तेवढी दाबायची, पुढची दोन मिलिमीटर. मागे दोन चाकोऱ्या काढायच्या, प्रत्येकी एक सेंटिमीटर रुंद. शेवटच्या वीतभर अंतरात त्या थोड्या वाकड्या करा, म्हणजे ड्रायव्हरने वळायचा प्रयत्न केला हे दिसतं. हे वळणच महत्त्वाचं. पॅटनचं जाड चिलखत पुढे, बाजूला पातळ. वळला की कड उघडी पडली.

रंग. पेटीवरचा हिरवा जसाच्या तसा मारला की मॉडेल काळपट खेळण्यासारखं दिसतं, म्हणून त्यात थोडा पिवळट पांढरा मिसळा. वाळल्यावर पातळ तपकिरी रंग सगळीकडे सोडायचा, तो खाचांत उतरतो. मग कोरड्या ब्रशला जेमतेम रंग लावून कडांवरून फिरवायचा. बऱ्याच जणांना पट्टे गंजवायची भारी हौस असते. पॅटनच्या पट्ट्यांवर रबर असतं, आणि चालती गाडी गंजत नाही, घासून चकाकते. ओला चिखल चमकतो आणि वाळलेला चमकत नाही, एवढं सांभाळलं तरी पुरे. खालच्या चाकांजवळ चिखलावर वार्निश, वरच्या बाजूला नाही.

पाणी म्हणजे निळा रंग नव्हे. शेतातलं पाणी चहासारखं असतं, आपल्या मेसच्या चहासारखं! पारदर्शक इपॉक्सीत चिमूटभर मातकट रंग घालून दीड मिलिमीटरचा एकच थर ओता. त्या मापात ते चार-पाच इंच पाणी झालं. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत वर खोका उलटा ठेवा, नाहीतर डास चिकटतात, आणि १:७२ मध्ये डास म्हणजे कोंबडी.

सगळ्यात वेळ उसाला. सप्टेंबरचा ऊस दोन-सव्वादोन मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये तीन सेंटिमीटर. फुलझाडूच्या बारीक काड्या बरोबर त्या जाडीच्या मिळतात. तीन फुटांची सरी धरली तर ओळीत सव्वा सेंटिमीटर अंतर. दहा बाय सहा सेंटिमीटरचा तुकडा खऱ्या हिशोबाने ३१ चौरस मीटर होतो, मीटरला दहा ऊस धरले तरी तीनशेच्या वर काड्या. प्रत्येकीला ट्रेसिंग पेपरची चार-पाच पानं. आमच्या विंगमधल्या पोरींनी सबमिशन सोडून दोन रात्री पानं कापली. पाथरीच्या एकीने तर खालची पाचट वाळकी रंगवली पाहिजे म्हणून सगळ्यांना परत बसवलं. बरोबरच होतं तिचं.

आता माणसं. "अब्दुल हमीद कुठंय?" हे प्रत्येक जण विचारतो. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन टिपले आणि १० सप्टेंबरला तिथेच त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ही तोफ गोळा पुढे टाकताना तेवढाच जोर वायूच्या रूपाने मागे सोडते, त्यामुळे धक्का बसत नाही आणि ती जीपवर मावते. पण मागच्या झोताने धूळ उडते, जागा उघडी पडते. गोळा सुटला की जीप हलवायलाच हवी, आणि जीपला चिलखत नसतं. हे समजलं की त्यांचं धाडस पुस्तकापेक्षा जास्त कळतं. या तोफेचा टप्पा किलोमीटरच्या पुढे. १:७२ मध्ये एक किलोमीटर म्हणजे जवळपास १४ मीटर. माझा पाट पंचवीस सेंटिमीटरचा, खऱ्या जमिनीवर फक्त १८ मीटर! जीप आणि पॅटन त्यात शेजारी ठेवले तर दोघं गप्पा मारताहेत असं वाटेल. म्हणून जीप नाही. पॅटनची तोफ एकीकडे वळलेली आहे आणि भोक दुसऱ्या कडेला आहे, एवढंच.

पॅटनमध्ये पण कुणी नाही. किटमध्ये हात वर केलेला सैनिक येतो, पडलेल्या आकृत्याही मिळतात. माझ्या रूममेटचं म्हणणं होतं की शत्रू मेलेला दिसलाच पाहिजे, नाहीतर लढाई कशी कळणार? आमचं यावर चांगलंच वाजलं. मी झाकणं उघडी ठेवली आणि रणगाड्यापासून उसापर्यंत बुटांचे ठसे काढले. बूट चार मिलिमीटर, पाऊल एक सेंटिमीटर, टूथपिकने. पॅटन सोडून उसात लपलेले सैनिक नंतर खरंच शरण आले होते. रूममेटने ठसे मोजले, म्हणाली, "हा एकटाच कसा? बाकीचे तिघं?" पॅटनमध्ये चार जण असतात. माझ्या मते बाकीचे आतच आहेत, आणि ते पाहणाऱ्याने झाकणात डोकावून ठरवावं.

पाटीवर 'असल उत्तर, सप्टेंबर १९६५' एवढंच लिहिलं आहे. वर काचेची पेटी हवीच, कारण उसाच्या पानांवरची धूळ ब्रशने निघत नाही, पानंच निघतात. सेलूत फिशटँक बनवणाऱ्याने ती अर्ध्या तासात करून दिली. एसटीतून आणताना मांडीवर ठेवा आणि मागच्या सीटवर बसू नका.