रस्त्याखालची शेगडी

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठाशी हॉलंड नावाचे गाव आहे. हिवाळ्यात सरोवरावरून येणारे ओलसर वारे तेथे भरपूर हिम आणून टाकतात. पण बाजारपेठेतले रस्ते आणि पदपथ मात्र नुसते ओले, मोकळे दिसतात. 1988 सालापासून त्यांच्या पोटात प्लॅस्टिकच्या नळ्यांचे जाळे घातले गेले आहे आणि वीजकेंद्रात एरवी वाया जाणाऱ्या उष्णतेने कोमट झालेले पाणी त्यांतून खेळते. पूर्वी हे केंद्र कोळशाचे होते. 2017 पासून नैसर्गिक वायूवरचे नवे केंद्र ते काम करते.

अशी शेगडी किती उष्णता खाते? वही घ्या; बराचसा हिशेब तुम्हालाच जमेल.

एक चौरस मीटर जागेवर 10 सेंटिमीटर ताजे, भुसभुशीत हिम पडले असे समजा. त्याचे वजन साधारण 10 किलोग्रॅम. तापमान उणे 5 अंश सेल्सियस. ते 0 अंशावर आणायला 105 किलोज्यूल पुरतात. पण 0 अंशाच्या हिमाचे 0 अंशाचेच पाणी करायला दर किलोग्रॅमला 334 किलोज्यूल लागतात. हीच ती अप्रकट उष्णता. एकूण झाले 3,445 किलोज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे 3,600 किलोज्यूल. म्हणजे जेमतेम एक युनिट! (हे पाणी उताराने वाहून गेले पाहिजे बरे का, ते जागीच सुकवायचे म्हटले तर आणखी सातपट उष्णता लागेल.)

पण हिमाच्या आधी रस्ता तापायला हवा. 15 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन चौरस मीटरला सुमारे 345 किलोग्रॅम भरते. ते उणे 5 वरून 3 अंशांवर न्यायला सुमारे 0.7 युनिट लागते, आणि वेळही लागतो. म्हणून हिम पडण्यापूर्वीच रस्ता कोमट ठेवतात. येथेच खरी गळती आहे. वारा असताना कोमट पृष्ठभाग, तापमानातील दर अंश फरकामागे, चौरस मीटरला सुमारे 20 वॅट गमावतो असे धरू. फरक 8 अंश, म्हणजे 160 वॅट. चोवीस तासांत 3.84 युनिटे! हिम वितळवण्यापेक्षा त्याची वाट पाहणेच चौपट महाग पडले.

प्रत्यक्षात वारा, ढग, तापमान सारखे बदलतात. शिवाय हिमाचा थर पांघरुणासारखा उष्णता अडवतो. 1952 साली डब्ल्यू. पी. चॅपमन यांनी तापवणे, वितळवणे, बाष्पीभवन आणि हवेत जाणारी उष्णता या चारही गोष्टी एका सूत्रात मांडल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी, रस्त्याचा जेवढा भाग उघडा तेवढ्याच धरायच्या. सूत्र छान आहे, पण त्या त्या क्षणाची गरज तेवढी ते सांगते. रस्ता काल किती तापला होता, हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून संगणकात रस्त्याची गणिती प्रतिकृती करतात. काँक्रीटचे 3 सेंटिमीटरचे पाच थर कल्पा. दर पाच मिनिटांनी प्रत्येक थरात किती उष्णता आली, किती गेली ते पाहायचे आणि उरलेल्या उष्णतेवरून त्याचे नवे तापमान काढायचे. वरच्या थराला हवामानाच्या नोंदी द्यायच्या, खालच्याला नळ्यांची उष्णता. 120 दिवसांच्या हिवाळ्यात अशा 34,560 फेऱ्या होतात. फेरी मोठी घेऊन काम वाचवावे म्हणाल, तर नऊएक मिनिटांपुढे गणित बिथरते. तापमाने वेड्यासारखी वरखाली उड्या मारू लागतात.

आता तोच हिवाळा वेगवेगळ्या नियमांनी चालवून बघता येतो. शेगडी सतत चालू ठेवली तर खर्च अफाट. हिम पडू लागल्यावरच पेटवली तर बचत मोठी, पण पहिले काही तास रस्ता निसरडाच राहतो आणि माणसे नेमकी तेव्हाच पडतात. हवामानाचा अंदाज पाहून काही तास आधी पेटवणे मला शहाणपणाचे वाटते. फुकटची उष्णता असलेल्या हॉलंडला थोडी उधळपट्टी परवडेल. विजेच्या तारांनी तापणाऱ्या अंगणाला नाही.

वरच्या हिशेबात उणे 5 च्या जागी उणे 10 घालून पाहा. वितळवण्याचा खर्च फक्त 105 किलोज्यूलने वाढतो. वाट पाहण्याचा मात्र 3.84 वरून 6.24 युनिटांवर जातो.