‘ताज’मधील कृष्णवर्णीय वाद्यवृंद आणि चित्रपटसंगीताचा ठेका

जुन्या हिंदी चित्रपटगीतातील ट्रम्पेटची लकेर ऐकताना गायक आणि संगीतकाराचे नाव आठवते. लकेर कोणी वाजविली, हा प्रश्न सहसा पडत नाही. या पाश्चात्त्य ठेक्याचा एक धागा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंदापर्यंत पोहोचतो.

व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला वाद्यवृंद घेऊन १९३५ मध्ये ‘ताज’मध्ये दाखल झाले. त्या काळी अमेरिकेत वर्णभेदाला कायद्याचे पाठबळ होते. ज्या हॉटेलात कृष्णवर्णीय कलावंत वाद्य वाजवीत, तेथे पाहुणा म्हणून उतरण्याची त्यांना अनेकदा मुभा नसे. त्यामुळे कित्येकांनी युरोप आणि आशियाची वाट धरली. अ‍ॅबी यांच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी ‘ताज’मध्ये वाद्यवृंदाची धुरा वाहिली. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही मुंबई गाजविली. त्यांचे १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने निधन झाले.

कोकण किनाऱ्यावरील आगबोटी रत्नागिरीसारखी बंदरे घेत मुंबईस जात, त्या काळात गोमंतकीय वादकही पोटासाठी मुंबईकडे वळत होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलिपीचे शिक्षण मिळालेले असे. मात्र, लिहिलेल्या स्वरांपलीकडे जाऊन आयत्या वेळी नवे सुचविण्याची जॅझची रीत त्यांच्यापैकी काहींनी या अमेरिकी वादकांच्या सहवासात आत्मसात केली. स्मिथ यांच्या वाद्यवृंदात फ्रँक फर्नांड हे गोमंतकीय वादक होते. हळदोणे येथील ट्रम्पेटवादक आंतोनियो वाझ तर ‘चिक चॉकलेट’ या नावानेच प्रसिद्धीस आले.

पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी हा ठेका घरोघरी पोहोचविला. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावरही दिसतात. असा मान मात्र थोड्यांच्याच वाट्याला आला. संगीतकार चाल बांधीत. ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहिण्याचे काम ‘अरेंजर’ करीत. त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता, तरी श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत.

पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ मधील पुस्तकात हा इतिहास नोंदविला. एकांना मायदेशात वर्णामुळे डावलले गेले, दुसऱ्यांना स्टुडिओच्या प्रथेने पडद्याआड ठेवले. गाणी मात्र दोघांच्याही खुणा आजतागायत जपून आहेत.