पाळक कोणीं निवडावा?

स्कॉटलंडांतील एखाद्या गांवचा धर्मोपदेशक वृद्धत्वामुळें निवृत्त झाला, परगांवीं गेला किंवा कैलासवासी झाला, म्हणजे तेथील मंडळीपुढें जो प्रश्न उभा राहतो तो आमच्या वाचकांस प्रथमदर्शनीं अगदीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. एक गेला, दुसरा आणावा. दुकानाचा मुनीम सोडून गेला तर आपण दुसरा ठेवतोंच कीं नाहीं? परंतु मुनीम कोणीं ठेवावयाचा याविषयीं कधीं वाद नसतो. ज्याची पेढी त्याचा मुनीम. उपासनामंदिर ही पेढी कोणाची? गांवच्या जमीनदाराची, सरकारची, धर्माधिकाऱ्यांची, कीं दर रविवारीं तेथें येऊन बसणाऱ्या माणसांची? या एका प्रश्नावर त्या देशांत तीनशें वर्षें भांडण चाललें, खटले झाले, एक मोठें राष्ट्रीय चर्च मधोमध फुटलें, आणि त्या फुटीची झळ थेट आमच्या मुंबईच्या एका विद्यालयास लागली.

आजची रीत प्रथम सांगतों. चर्च ऑफ स्कॉटलंड या संस्थेंत बिशप नाहीं. अनेक गांवच्या मंडळ्यांवर पाळक व वडील यांची मिळून एक सभा असते, तिला प्रेस्बितेरी म्हणतात. जागा रिकामी झाली कीं प्रेस्बितेरी शेजारच्या एखाद्या अनुभवी गृहस्थास तात्पुरता कारभार पाहण्यास नेमते. मग मतदारांची यादी तयार होते आणि मंडळी आपल्यांतूनच एक निवडसमिती नेमते. २००३ च्या नियमांप्रमाणें ही समिती तेरांहून मोठी असूं नये. ही समिती आलेले अर्ज वाचते, भेटी घेते, आणि जुन्या वहिवाटीप्रमाणें उमेदवाराच्या गांवीं जाऊन, मागल्या बांकावर मुकाट्यानें बसून, त्याचें प्रवचन ऐकून येते. शेवटीं एकच नांव पुढें येतें. त्या एका माणसानें मंडळीपुढें उपासना चालवावी, आणि मंडळीनें गुप्त मतदानानें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणावें, असा नियम आहे. बहुमत मिळालें कीं एक निमंत्रणपत्र तयार होतें व त्यावर सभासद एकामागून एक सह्या करतात. या पत्रावांचून नेमणूक पुरी होत नाहीं.

हें निमंत्रणपत्र म्हणजे निव्वळ शिष्टाचार आहे असें कोणी समजूं नये. त्यावर दोनच सह्या पडल्या म्हणून एका गांवानें सर्व देश हालविला, तो इतिहास ऐकण्यासारखा आहे.

१५६० सालीं स्कॉटलंडांत धर्मसुधारणा झाली, तेव्हांच प्रत्येक मंडळीनें आपला उपदेशक आपण निवडावा असें तत्त्व सुधारकांनीं लिहून ठेविलें होतें. पण तत्त्व कागदावर आणि वहिवाट जमिनीवर. देवळांच्या जमिनी ज्यांच्या हातीं गेल्या त्या सरदारांकडे उपदेशक नेमण्याचा हक्कही राहिला. आमच्या इकडील वतनाशीं याचें नातें अगदीं जवळचें आहे. हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई, विकतां येई, विकत घेतां येई; आणि तो धारण करणाऱ्यानें त्या देवळांत कधीं पाऊल टाकावें अशी अटही नव्हती. १६९० सालीं हा हक्क काढून घेऊन जमीनमालक व वडील यांनीं नांव सुचवावें आणि मंडळीनें पसंती-नापसंती सांगावी असा कायदा झाला. पुढें १७०७ सालीं स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटींत विलीन झाली, आणि पांचच वर्षांनीं, १७१२ सालीं, लंडनच्या पार्लमेंटानें तें जुनें वतन पुन्हां उभें केलें. ज्या लोकांच्या देवळाविषयीं हा कायदा होता त्यांचें चर्च त्याविरुद्ध ओरडत होतें, ऐकतो कोण?

त्यानंतर शंभर वर्षें जें चाललें त्याचें चित्र जॉन गॉल्ट याच्या १८२१ च्या एका कादंबरींत आहे. नवा उपदेशक गांवांत येतो तों लोकांनीं देवळाचें दार खिळे ठोकून बंद केलेलें. तेव्हां बिचाऱ्यास खिडकींतून आंत शिरावें लागतें. ही कादंबरीकाराची अतिशयोक्ति म्हणून सोडून देतां आली असती, परंतु नको असलेला उपदेशक शिपायांच्या बंदोबस्तांत गादीवर बसविल्याचे प्रसंग त्या देशाच्या इतिहासांत नमूद आहेत. स्थानिक प्रेस्बितेरी असें काम करण्यास कचरली तर वरिष्ठ सभा बाहेरचीं माणसें घोड्यावर धाडी. इन्व्हरकीथिंग येथील अशाच एका नेमणुकीस हजर राहण्याचें नाकारलें म्हणून टॉमस गिलेस्पी या पाळकास १७५२ सालीं पदच्युत करण्यांत आलें. यांतून एकामागून एक लहान पंथ फुटून निघाले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही वकिली केली असें होईल. सरदारांच्या पसंतीनें आलेले सर्वच उपदेशक नादान होते असें नव्हे. गिलेस्पीस शासन व्हावें म्हणून जो पक्ष झटला त्याचा पुढारी विल्यम रॉबर्टसन हा नामांकित इतिहासकार असून पुढें एडिंबरो विद्यापीठाचा प्रमुख झाला. या पक्षाचें म्हणणें असें कीं, शेतकरी व विणकर यांच्या हातीं निवड दिली तर आरडाओरडा करणारा वक्ता निवडून येईल आणि विद्वान् मागें राहील. हा आक्षेप पोकळ नाहीं. ज्या टॉमस चामर्स यांनीं पुढें या हक्काविरुद्ध सर्वांत मोठा लढा दिला, ते स्वतः १८०३ सालीं किल्मनी या गांवीं एका विद्यापीठाच्या नेमणुकीनेंच आले होते. मात्र विद्वानाच्या हातून काय होई तेंही त्यांच्याच चरित्रांत दिसतें. गणिताच्या नादांत असतांना, पाळकाचें काम उरकून आठवड्यांतले पांच दिवस शास्त्राभ्यासास मोकळे राहतात, असें १८०५ सालीं त्यांनीं छापून प्रसिद्ध केलें! गांवचे आजारी, विधवा व पोरकीं मुलें या पांच दिवसांत कोठें जात होतीं याचा उल्लेख त्या पत्रकांत नव्हता. पुढें त्या लिहिण्याची त्यांस भर सभेंत लाज वाटली, हें त्यांच्या थोरपणास शोभतें.

१८३४ सालीं चर्चच्या मुख्य सभेनें एक मध्यम मार्ग काढला. नेमण्याचा हक्क धन्याकडेच राहावा. परंतु मंडळींतील कुटुंबप्रमुख पुरुषांपैकीं बहुसंख्य लोकांनीं विरोध केला तर ती नेमणूक रद्द समजावी. त्याच वर्षीं ऑक्टरार्डर या गांवीं किनूल येथील अर्लनें रॉबर्ट यंग नांवाच्या उमेदवारास नेमलें. निमंत्रणपत्रावर गांवच्या दोन माणसांच्या सह्या झाल्या. ३३० कुटुंबप्रमुखांपैकीं २८७ जणांनीं विरोध नोंदविला. प्रेस्बितेरीनें उमेदवार नाकारला, आणि अर्लसाहेब व उमेदवार कोर्टांत गेले. १८३८ सालीं एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयानें आठ विरुद्ध पांच मतांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १८३९ सालीं लंडनच्या लॉर्डांच्या सभेनें तो कायम केला. निकालाचा मथितार्थ असा कीं, नेमणुकीचा हक्क ही मालमत्ता आहे. उमेदवाराचें वर्तन, विद्या व मतें ठीक असलीं म्हणजे झालें. लोकांस तो नको आहे हें कारण कायद्यास ठाऊक नाहीं.

न्यायाधीशांनीं कायद्याचा अर्थ चुकीचा केला असें आम्ही म्हणत नाहीं. १७१२ चा कायदाच तसा होता. पण ज्याच्यापुढें मरणसमयीं मन मोकळें करावयाचें, ज्यानें लेकराचा बाप्तिस्मा व लेकीचें लग्न लावावयाचें, तो मनुष्य त्रयस्थाच्या मालमत्तेच्या यादींत शेताबरोबर आणि गिरणीबरोबर मांडला जातो, हें उघड्या शब्दांत सांगितलें गेलें तें बरेंच झालें. जोंवर अन्याय वहिवाटीच्या अंधारांत असतो तोंवर लोक तो सोसतात. निकालपत्रांत छापून आला म्हणजे डोळे उघडतात.

मार्नॉक गांवचा प्रकार याहूनही बोलका आहे. तेथें नेमलेले एडवर्ड्स नांवाचे गृहस्थ पूर्वीं त्याच गांवीं सहाय्यक म्हणून राहिलेले. म्हणजे लोकांस पारखावयाचें कांहीं उरलें नव्हतें. तीनशें कुटुंबप्रमुखांपैकीं २६१ जणांचा विरोध, आणि निमंत्रणपत्रावर गांवांतील अवघी एक सही. ती कोणाची? गांवच्या खाणावळवाल्याची, ज्याच्या येथें प्रेस्बितेरीचे सभासद जेवत असत! २१ जानेवारी १८४१ या दिवशीं, भर बर्फांत, कोर्टाच्या आज्ञेस मान देऊन प्रेस्बितेरीच्या बहुमतवाल्या पाळकांनीं दीक्षाविधि करण्याचें ठरविलें. देऊळ माणसांनीं खचाखच भरलें होतें. मंडळीनें आपला निषेध वाचून दाखविला, बांकांवरील आपआपलीं बायबलें उचललीं, आणि म्हातारेकोतारे धरून सर्व लोक देवळाबाहेर निघून गेले. त्यांनीं आपल्या खर्चानें दुसरें देऊळ बांधलें.

पुढें जें झालें तें जगप्रसिद्ध आहे. १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथें मुख्य सभा भरतांच अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनीं निषेधपत्र वाचून टेबलावर ठेविलें आणि सभागृह सोडलें. त्यांच्यामागून चामर्स व इतर पाळक निघाले. सुमारें बाराशें पाळकांपैकीं ४७४ जणांनीं राजीनाम्यावर सह्या केल्या. पगार, राहतें घर व देऊळ हीं तिन्ही एका सहीसरशीं गेलीं. मुलेंबाळें असलेल्या माणसांनीं हें केलें, हें ध्यानांत ठेवावें. चामर्स यांनीं त्यापूर्वींच हिशेब मांडला होता: गरिबांनींही दर आठवड्यास एक पेनी द्यावी, सर्व पैसा एका निधींत पडावा, आणि श्रीमंत व दरिद्री गांवच्या पाळकांस त्यांतून सारखा वांटा मिळावा. आमच्या व्यापारी वाचकांनीं या योजनेकडे जरूर लक्ष द्यावें. मोठ्या देणगीदारापेक्षां थेंबाथेंबानें भरणारें तळें अधिक टिकतें, हा हिशेब गणिती माणसाचाच होता.

जमीनदारांनीं सूड उगवावयाचा तो उगवला. कित्येक ठिकाणीं नव्या देवळास वीतभर जागा दिली नाहीं. स्ट्राँशियन येथील लोकांनीं १८४६ सालीं लोखंडी तरंगतें देऊळ करवून तें सुनार्ट खाडींत नांगरलें. पाण्यावर जमीनदाराची सत्ता नव्हती. दर शंभर माणसांमागें तें एक इंच पाण्यांत बुडे, असें सांगतात; म्हणजे कोणत्या उपदेशकाचें प्रवचन किती लोकप्रिय, तें खाडीचें पाणीच सांगे.

मुंबईस याची झळ कशी लागली तें आतां पाहूं. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ सालीं येथें आले, १८३२ सालीं त्यांनीं विद्यालय काढलें. चौपाटीवरील विल्सन कॉलेज हा त्याचाच वृक्ष. १८४३ च्या फुटींत विल्सन आणि मराठी भाषेवर प्रभुत्व असलेले रॉबर्ट नेस्बिट वगैरे सहकारी नव्या ‘फ्री चर्च’कडे गेले. परिणाम असा झाला कीं, इमारत व साहित्य जुन्या चर्चकडे राहिलें, आणि शिक्षकांस विद्यार्थी घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करावें लागलें. स्कॉटलंडांतील खेड्यांचा उपदेशक कोणीं नेमावा या वादामुळें मुंबईंत एकाचीं दोन स्कॉच विद्यालयें झालीं! विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडास गेलेले मुंबईचे पारशी तरुण धनजीभाई नवरोजी यांनीं याच नव्या चर्चची दीक्षा १८४६ सालीं घेतली. नागपुरास स्टीफन हिस्लॉप आले तेही याच चर्चचे.

सरकारास शहाणपण सुचलें तें १८७४ सालीं. नेमणुकीचें वतन त्या वर्षीं रद्द झालें आणि निवड मंडळीकडे आली. १९२९ सालीं फुटलेल्या शाखांपैकीं बहुतेक पुन्हां एकत्र आल्या. परंतु हक्क मिळाल्याबरोबर त्याचा दुरुपयोगही सुरू झाला. तीनचार उमेदवार लागोपाठच्या रविवारीं बोलवावे, प्रत्येकाचें प्रवचन ऐकावें, आणि मग तमाशाचा फड निवडावा तशीं मतें द्यावींत, अशी चाल पडली. रॉबर्टसनच्या पक्षाचा आक्षेप येथें खरा ठरला. एका रविवारचें प्रवचन महिनाभर घोटून तयार करतां येतें. परंतु मध्यरात्रीं मरणाऱ्याच्या खाटेजवळ बसण्याची तयारी अशी घोटतां येत नाहीं. एकच नांव पुढें आणण्याची आजची रीत या स्पर्धेवरील उतारा आहे. तिच्यांतही उणेपणा आहेच. समिती म्हणेल त्याला ‘नाहीं’ म्हणणें लहान गांवांत जड जातें. तथापि तेरा शेजाऱ्यांची समिती आणि परका जमीनदार यांत कोण बरें, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. १८३४ च्या नियमांत बायकांना शब्द नव्हता. आतां त्या मत देतात, समितींत बसतात, आणि १९६८ पासून स्वतः पाळकही होऊं शकतात.

आणि आतां, हक्क पूर्णपणें हातीं आला असतां, निवडावयास माणूस मिळत नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत या चर्चचे सभासद सुमारें तेरा लाख होते. आज ते तीन लाखांच्याही खालीं आले आहेत. तरुण या कामाकडे वळत नाहींत, जुने पाळक निवृत्त होत आहेत, आणि कित्येक गांवें वर्षानुवर्षें रिकामीं आहेत. २०२१ पासून प्रेस्बितेऱ्यांनीं आपआपल्या प्रदेशाच्या योजना आंखल्या आहेत. त्यांत कोणत्या गांवास स्वतंत्र पाळक मिळावा, कोणीं शेजाऱ्याशीं एक व्हावें आणि कोणतीं देवळें बंद करावींत हें ठरतें. म्हणजे पाळक कोण, हें मंडळी ठरवील; पण पाळक मिळावा कीं नाहीं, हें वरून ठरेल. चारपांच गांवांची मिळून एक समिती बसते, आणि तिच्यापुढें पहिला वाद उमेदवाराच्या विद्येचा नसून, त्यानें कोणत्या गांवीं राहावें आणि रविवारची उपासना कोणत्या देवळांत व्हावी, हा असतो. उरलेल्या देवळांच्या कुंपणावर ‘विकणें आहे’ अशा पाट्या लागत आहेत.