नंबर गेला तरी नाव राहते

कष्टकऱ्याच्या दारात गाडी उभी राहते ती मिरवण्यासाठी नव्हे, पोटासाठी. म्हणूनच त्या गाडीवर घरातल्या सगळ्यांचा जीव असतो. लेकरे तिला धुतात, आई तिच्या चाकाखाली लिंबू ठेवू देत नाही, आणि बाप तिचा नंबर आपल्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ करतो. मग एक दिवस ती गाडी थकते. नवी घ्यायची ठरते. आणि मनात प्रश्न येतो : गाडी जाईल ती जावो, पण आपला नंबर नव्या गाडीला लावता येईल का?

हा प्रश्न आम्हाला फर्दापुरात भेटला. अजिंठ्याचा घाट उतरला की लागणारे हे गाव. जिल्ह्याची हद्द जवळच. पलीकडच्या गाड्यांवर एमएच १९, अलीकडच्या गाड्यांवर एमएच २०. लेणी पाहायला येणाऱ्यांना आपली वाहने टी-पॉइंटवर ठेवून पुढे बसने जावे लागते. त्यामुळे गावातल्या चालकांचा धंदा जळगाव स्टेशन आणि छत्रपती संभाजीनगर या दोन टोकांवर चालतो. अशाच एका चालकबंधूंची ही हकीकत. नाव देऊ नका असे त्यांनीच सांगितले.

छप्पनवाले

त्यांची पहिली गाडी म्हणजे जुनी घेतलेली जीप. तिच्या नंबरचे शेवटचे चार आकडे १९५६. हा नंबर त्यांनी पैसे भरून घेतला नव्हता, गाडीबरोबर आपसूक आला होता. पण आपल्या माणसाला १९५६ म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी डोळ्यांपुढे उभी राहते. लेणी पाहायला आलेली विदर्भातली मंडळी पाटी बघून थांबत, "जय भीम" करत, आणि पुढच्या वेळी येताना याच जीपची चौकशी करत. रस्त्यावरचे लोक त्यांना छप्पनवाले म्हणू लागले.

जीप थकली तेव्हा त्यांनी कर्ज काढून नवी सात आसनी गाडी घ्यायचे ठरवले. नंबर मात्र जुनाच हवा होता. एका एजंटाने सांगितले, "वीस हजार द्या, तुमचा छप्पन नव्या गाडीवर आणून देतो." घरात बोलणे झाले. मुलगी सोयगावला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "पप्पा, वीस हजारात माझं वर्ष निघतं. आधी कायदा काय आहे ते तरी बघू."

नंबर कोणाचा?

वाचकहो, मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी होते ती वाहनाची, आणि नंबर दिला जातो तोही वाहनाला. आपण जीप विकली की नंबर जीपबरोबर जातो. जुनी पाटी उचकटून नव्या गाडीला ठोकणे म्हणजे खोटा नंबर लावणे. तो गुन्हा आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना जी अतिसुरक्षा पाटी येते, तिचे कुलूप एकदा तोडले की पुन्हा बसत नाही, आणि प्रत्येक पाटीवर वेगळा कोरीव क्रमांक असतो.

काही ठिकाणी जुना नंबर राखण्याची रीतसर सोय आहे. इंग्लंडमध्ये ८० पौंड भरून माणूस आपला नंबर गाडीवरून काढून कागदावर राखून ठेवतो आणि पुढे नव्या गाडीला लावतो. शेजारच्या गुजरातने २०२२ साली अशी सोय केली. तिथली अट अशी, की दोन्ही वाहने एकाच मालकाची आणि एकाच प्रकारची हवीत, आणि जुन्या वाहनाला दुसरा नंबर घ्यायला हवा. आपल्यापैकी कोणाच्या मनात असा विचार असेल, तर जुनी गाडी विकण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. गाडी एकदा परक्याच्या नावावर गेली की नंबरावर आपला शब्द उरत नाही.

महाराष्ट्रात सरळ रस्ता आहे तो पसंतीच्या क्रमांकाचा. नवी गाडी नोंदवताना, चालू मालिकेत तो क्रमांक शिल्लक असेल तर शुल्क भरून मागता येतो. एकाच क्रमांकावर अनेक अर्ज आले तर जास्त रक्कम देणाऱ्याला तो मिळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने हे शुल्क वाढवले. चारचाकीला ०००१ हवा असेल तर ५ लाख रुपये, मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी ६ लाख. दुचाकीला ०००१ साठी १ लाख. त्याच वेळी एक चांगली गोष्टही झाली : पसंतीचा क्रमांक पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करण्याची मुभा मिळाली. इतर आकड्यांचे शुल्क कमी असते, पण फुकट कोणताच नाही. हे पैसे शासनाच्या खात्यात भरायचे आणि पावती घ्यायची. एजंटाच्या खिशात टाकायचे नाहीत. आणि जुनी, वापरलेली गाडी घेतली असेल तर तिला तिचा नंबर आधीच मिळालेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

खरी आच कुठे लागली

आमच्या बंधूंनी एजंटाला नाही म्हटले. पण खरी चूक दुसरीकडेच झाली होती. जीप त्यांनी स्टँप पेपरवर विकली. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे मोजून घेतले आणि घरी आले. घेणाऱ्याने ती आपल्या नावावर केलीच नाही. वर्ष-दीड वर्षाने त्यांच्या मोबाइलवर दंडाचे निरोप येऊ लागले. एक झाला, दोन झाले, तीन झाले. गाव दुसरेच, गाडी मात्र १९५६. मुलीने फोनवर नंबर टाकून पाहिला. मालक म्हणून अजून पप्पांचेच नाव!

बाई घाबरल्या. "अवो, उद्या त्या गाडीखाली कुणी आलं तर?"

त्यांची भीती खोटी नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे हातोहात गेली. २००९ मध्ये तिने अपघात केला. नोंदणी अजून पहिल्याच मालकाच्या नावावर होती. न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव नोंदीत आहे, तोच कायद्याने मालक. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. जखमी माणसाने किंवा मेलेल्याच्या विधवेने खऱ्या मालकाच्या शोधात दारोदार फिरावे, हे कायद्याला मान्य नाही. आणि ते योग्यच आहे.

बंधूंनी शोध घेतला. जीप तोवर तिसऱ्याच्या हातात गेली होती. चार खेटे घातले, थकलेला दंड आपल्या खिशातून भरला, तेव्हा कुठे नाव उतरले. एजंटाला न दिलेल्या पैशातला बराच भाग त्यात गेला.

घरातल्या सुशिक्षित मुला-मुलींनी हे पाहावे

गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० कोरे ठेवून सही करू नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करावी आणि झेरॉक्स जपून ठेवावी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कलम ५० सांगते. कर्ज फिटले असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन आर.सी. बुकावरचा बोजा उतरवावा. फास्टॅग बंद करावा, नाहीतर टोल आपल्या खात्यातून जात राहतो. नवे आर.सी. बुक घेणाऱ्याच्या नावाने निघाले की नाही हे स्वतः पाहावे, तोवर व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

गाडी भंगारात जाणार असेल तर नोंदणी रद्द करून घ्यावी. पाट्या भंगारवाल्याकडे तशाच सोडू नयेत.

मालकाचे निधन झाले तर नंबर घरातच राहू शकतो. ३० दिवसांत निधनाची माहिती कार्यालयाला द्यावी, तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे गाडी करावी. आपल्या किती माता-भगिनी हे न कळल्यामुळे दिराच्या नाहीतर भावाच्या शब्दावर अवलंबून राहतात! गाडी बाईच्या नावावर होऊ शकते, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

आणि जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर खरोखर नेता येणारी एक गोष्ट आहे, ती आपण हटकून विसरतो. विम्याचा दावा न करता वर्षे काढली की हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सूट विम्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असते, आणि ती गाडीची नसते, माणसाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून दाखला घ्यावा. त्याच प्रकारच्या नव्या गाडीला तो तीन वर्षांपर्यंत चालतो. सांभाळून गाडी चालवल्याची ही कमाई आहे, ती सोडू नये.

फर्दापूरच्या बंधूंच्या नव्या गाडीला रांगेत आला तो नंबर मिळाला. वीस हजारातून दंड-खेटे वजा जाऊन जे उरले, त्यात मुलीची परीक्षा फी आणि पुस्तके झाली. पाटीवर त्यांनी नंबराशिवाय काही लिहिलेले नाही, कारण पाटीवर दुसरे काही चालत नाही. टी-पॉइंटवर मात्र लोक अजून विचारतात, "छप्पनवाले आले का?"